केवायसीच्या टेबलावर नव्यानं बसताना: ब्रिटनमधल्या ऑनलाइन जुगार कंपन्यांत माणूस आणि पैसा कसा तपासतात

ब्रिटनमध्ये एमएस्सी संपवून नोकरी शोधणाऱ्यांना जाहिरातींत एक पद अधूनमधून दिसतं: ऑनलाइन बेटिंग किंवा कॅसिनो कंपनीत केवायसी ॲनालिस्ट, नाहीतर एएमएल (काळा पैसा धुणं रोखण्याचं काम) ॲनालिस्ट. बेट३६५चं मुख्यालय स्टोक-ऑन-ट्रेंटला आहे, स्काय बेटचं मूळ ठाणं लीड्सला. जिब्राल्टर आणि माल्टातही या धंद्याचं मोठं बस्तान आहे. घरी फोनवर "जुगाराच्या कंपनीत लागलो" म्हटलं की पलीकडे दोन सेकंद कुणी बोलत नाही. न बोलू देत. काम तपासणीचं आहे, शिकायला भरपूर आहे, आणि पुढे बँकेत जायचं झालं तर हाच अनुभव चालतो.

रुजू होण्याआधी एवढं पक्कं करून घ्या की या टेबलावर दोन वेगळे प्रश्न येतात. खातं उघडणारा माणूस खरोखर तोच आहे का, हा पहिला. आणि तो जो पैसा लावतोय तो त्याच्याकडे असणं पटतं का, हा दुसरा. नव्या माणसाचा सगळा जीव पहिल्यात अडकतो, कारण तिथे उत्तर हो किंवा नाही असं मिळतं आणि दिवसाला किती केस काढल्या ते मोजता येतं. मोठे दंड मात्र दुसऱ्या प्रश्नावर बसतात. म्हणून हा लेखही दुसऱ्याकडेच जास्त झुकलेला आहे.

आधी: नियम कुणाचे

ग्रेट ब्रिटनमधला जुगार २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टखाली चालतो आणि परवाना देतं बर्मिंगहॅमचं गॅम्बलिंग कमिशन. कंपनी जिब्राल्टरला बसलेली असो की माल्टाला, ब्रिटनमधल्या ग्राहकाला खेळवायचं तर हा परवाना लागतोच. परवान्याच्या अटींचं पुस्तक मोठं आहे. ऑफिसात सगळे त्याला एलसीसीपी म्हणतात. पूर्ण वाचायला घेऊ नका, झोप लागेल. वय, ओळख, मनी लाँडरिंग आणि ग्राहकाशी संवाद एवढी प्रकरणं वाचा.

काळ्या पैशाचे कायदे दोन, आणि त्यांची गल्लत मुलाखतीतच उघडी पडते. २०१७ चे मनी लाँडरिंग रेग्युलेशन्स जुगारातल्या फक्त कॅसिनोला लागू आहेत, ऑनलाइन कॅसिनो धरून. घोड्यावर किंवा फुटबॉलवर बेट घेणाऱ्याला ते लागू नाहीत. २००२ चा प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट, म्हणजे पोका, सगळ्यांनाच लागू आहे. एकाच ॲपवर स्पोर्ट्‌स आणि कॅसिनो दोन्ही असतील तर बहुतेक कंपन्या शहाणपणा करून सगळ्याच ग्राहकांना कॅसिनोचा कडक नियम लावतात. तुमच्या कंपनीचं धोरण काय आहे ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

पहिली पायरी: खातं उघडताना

पूर्वी ऑनलाइन कंपनीला वय तपासायला ७२ तास मिळायचे. तेवढ्या वेळात सोळा वर्षांचा मुलगा पैसे भरून, हरून मोकळा व्हायचा. ७ मे २०१९ पासून ती सवलत गेली. आता वय तपासल्याशिवाय पैसे भरू द्यायचे नाहीत, फुकटचे डेमो खेळही दाखवायचे नाहीत. आणि नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळल्याशिवाय खेळू द्यायचं नाही.

भारतातून आलेल्याला इथे पहिला धक्का बसतो. आपल्याकडे केवायसी म्हटलं की आधार, पॅन आणि सही. ब्रिटनमध्ये सगळ्यांना सक्तीचं राष्ट्रीय ओळखपत्र नाही. बहुसंख्य ग्राहकांकडून तुम्ही एकही कागद मागत नाही. ग्राहकानं भरलेली माहिती एक्सपीरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियनसारख्या क्रेडिट संस्थांच्या नोंदींशी आणि मतदार यादीशी आपोआप ताडली जाते. नाव आणि पत्ता एका ठिकाणी जुळला, नाव आणि जन्मतारीख दुसऱ्या ठिकाणी जुळली, की सिस्टिम हिरवा दिवा दाखवते. तुमच्या रांगेत येतात ते न जुळलेले: नुकतंच घर बदललेले, लग्नानंतर नाव बदललेले, अठरा वर्षं कालच पूर्ण झालेले आणि नुकतेच या देशात आलेले. या शेवटच्यांची क्रेडिट फाइल, म्हणजे क्रेडिट संस्थांकडची नोंद, इतकी पातळ असते की यंत्राला काही सापडतच नाही. फाइल पातळ असणं म्हणजे संशय नव्हे, हे पाटीवर लिहून ठेवा.

मराठी नावं यंत्राला विशेष छळतात. पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव, बँकेत तिन्ही, बेटिंगच्या खात्यात फक्त पहिलं नाव आणि आडनाव. प्रसाद वसंत कुलकर्णी आणि प्रसाद कुलकर्णी एकच, हे तुम्हाला एका नजरेत कळतं. शेजारी बसलेल्या स्टीव्हला ते दोन भाऊ वाटतात. टीममध्ये तुमचा हा उपयोग आहे, लाजू नका. जाता जाता एक: ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलातला म्हणून इथल्या मतदार यादीत नाव नोंदवता येतं. बऱ्याच विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसतं. यादीत नाव असलं की अशा तपासण्या, अगदी मोबाइलचा करारसुद्धा, सोप्या होतात.

दुसरी पायरी: कागद हातात आल्यावर

यंत्र हरलं की कागद मागायचा: पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स आणि पत्त्यासाठी बँक स्टेटमेंट किंवा विजेचं बिल. खोटा कागद ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, पण काही गोष्टी गणितानं पकडता येतात आणि त्या नव्या माणसालाही पहिल्या दिवसापासून जमतात.

ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर सोळा अक्षरांचा असतो आणि त्यात जन्मतारीख दडलेली असते. समजा, देशपांडे आडनावाची बाई, जन्म १७ मे १९९१. पहिली पाच अक्षरं आडनावाची: डी, ई, एस, एच, पी. आडनाव आखूड असेल तर उरलेल्या जागी ९ भरतात, म्हणजे राव असेल तर आर, ए, ओ आणि पुढे ९९. मग जन्मवर्षातल्या दशकाचा आकडा, ९. मग महिना, बाईचं लायसन्स असेल तर महिन्याच्या पहिल्या आकड्यात ५ मिळवतात, म्हणून ०५ चे होतात ५५. मग तारीख १७, मग वर्षाचा शेवटचा आकडा १. म्हणजे आडनावानंतर ९५५१७१ आलं पाहिजे. फोटोशॉपमध्ये जन्मतारीख बदलणारा हा नंबर बदलायला विसरतो. दर वेळी नाही, पण पुरेशा वेळा.

पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. जन्मतारखेचे सहा आकडे वर्ष, महिना, दिवस या क्रमानं येतात आणि त्यानंतरचा एक आकडा हा पडताळणीचा असतो. सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ नं गुणायचं, बेरीज करायची, शेवटचा आकडा बघायचा. वरच्याच बाईंची तारीख ९१०५१७: त्रेसष्ट, तीन, शून्य, पस्तीस, तीन, सात, बेरीज १११, पडताळणीचा आकडा १. सॉफ्टवेअर हे करतंच, पण फोटो धूसर असला की ते मान टाकतं, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन दोन मिनिटांत निकाल लागतो.

बाकी फोटोत बघायचं ते असं: चारही कोपरे दिसतात का, पडद्याचा फोटो काढल्यावर उमटणाऱ्या लाटांसारख्या रेघा आहेत का, अक्षरांच्या आजूबाजूला रंग पुसल्यासारखा दिसतो का, सेल्फीतला माणूस आणि फोटोतला माणूस यांचे कान जुळतात का. कान म्हणतोय मी. दाढी, चष्मा, वजन सगळं बदलतं.

तिसरी पायरी: याद्या

इथे तीन याद्यांशी नाव ताडतात. आर्थिक निर्बंधांची यादी: तिच्यावर माणूस सापडला तर पैसे गोठवायचे आणि ब्रिटिश अर्थखात्यातल्या ओएफएसआय या कार्यालयाला कळवायचं. राजकीय पदांवरच्या व्यक्तींची, म्हणजे पेपची यादी: माणूस तिच्यावर असणं गुन्हा नाही, पण पैसा कुठून आला हे विचारावंच लागतं आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. पद सुटल्यावरही किमान बारा महिने तो पेपच धरायचा. दोन्ही याद्यांत नव्वद टक्के वेळ नुसत्या नामसाधर्म्यात जातो, हा माझा अंदाज आहे, कुणाचा अहवाल नव्हे. जन्मतारीख जुळत नसेल तर कारण लिहून अलर्ट बंद करा आणि पुढे चला.

तिसरी गॅमस्टॉप, आणि तिच्यावर मात्र थांबा. ज्यानं स्वतःच "मला खेळू देऊ नका" म्हणून नाव घातलंय त्यांची ही यादी. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं अशी मुदत ग्राहक स्वतः निवडतो. ३१ मार्च २०२० पासून ब्रिटनच्या परवान्यावर ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला तिच्याशी जोडून घेणं सक्तीचं आहे. ताडणी नाव, जन्मतारीख, ईमेल, पोस्टकोड अशा तपशिलांवर होते. व्यसन सुटत नाही तेव्हा माणूस काय करतो? ईमेल नवा काढतो, नावात एक अक्षर इकडचं तिकडं करतो, बहिणीचा पत्ता घालतो. म्हणजे एका अक्षरानं न जुळलेली केस ही केवळ टायपिंगची चूक असेलच असं नाही. तोच फोन, कार्डाचे तेच शेवटचे आकडे, जुन्या बंद खात्याशी मिळतीजुळती जन्मतारीख दिसली तर घाईनं "किरकोळ फरक" असा शेरा मारून खातं उघडून देऊ नका.

चौथी पायरी: पैसा कोणत्या दारानं येतो

क्रेडिट कार्डावर जुगार १४ एप्रिल २०२० पासून बंद आहे. राहिली डेबिट कार्डं, बँक ट्रान्सफर, ई-वॉलेट, व्हाउचर. नियम साधा: ज्या दारानं पैसा आला त्याच दारानं परत जायचा, आणि दारावरची पाटी खातेदाराच्या नावाची हवी. नवऱ्याच्या खात्यात बायकोचं कार्ड दिसलं की विचारा; पुष्कळदा निरुपद्रवी असतं, कधीकधी बायकोला पत्ताच नसतो.

काळा पैसा धुणाऱ्याला जिंकायचं नसतं. त्याला फक्त "हे जुगारातले पैसे" एवढी ओळ स्टेटमेंटवर हवी असते, आणि त्यासाठी थोडं नुकसान सोसायची त्याची तयारी असते. म्हणून बघायचं ते असं: ३,००० पौंड भरले, वीस पौंडांचा खेळ केला आणि उरलेले काढायला लागला. रुलेटमध्ये एकाच फेरीला लाल आणि काळा दोन्हीकडे सारखीच रक्कम लावली. पोकरच्या टेबलावर एक खेळाडू चांगले पत्ते टाकून देत दुसऱ्याला मुद्दाम हरतोय. असा पैसा एका खिशातून दुसऱ्यात जातो. आठ खाती, आठ नावं, एकच फोन आणि एकच वायफाय.

हे शेवटचं आपल्या मुलांशी थेट जोडलेलं आहे, म्हणून आडवळणानं सांगत नाही. "तुझ्या नावानं खातं उघडू दे, महिन्याला शंभर पौंड देतो" असं व्हॉट्सॲपवर किंवा अर्धवेळ कामाच्या ठिकाणी विचारणारे असतात. हो म्हणणारा विद्यार्थी मनी म्यूल, म्हणजे दुसऱ्याचा काळा पैसा आपल्या नावावरून फिरवणारा, ठरतो. बँक खातं बंद करते आणि सिफास या फसवणूकविरोधी नोंदवहीत नाव जातं, ते सहा वर्षं राहू शकतं. तेवढा काळ नवं बँक खातं मिळणंसुद्धा मुश्कील. आणि अशी नोंद असलेल्याला केवायसीची नोकरी कोण देणार?

पाचवी पायरी: हा पैसा याच्याकडे कसा?

आता खरं काम. कॅसिनोसाठी २०१७ च्या रेग्युलेशन्सनी २,००० युरोची रेघ आखली आहे: एका व्यवहारात किंवा एकमेकांशी जोडलेल्या व्यवहारांत लावलेली किंवा काढलेली रक्कम तिथे पोचली की ग्राहकाची रीतसर तपासणी हवी. त्याखेरीज ग्राहकाच्या हितासाठीची एक वेगळी हलकी तपासणी २८ फेब्रुवारी २०२५ पासून सरकत्या तीस दिवसांत १५० पौंड निव्वळ भरणा झाला की लागते. त्यात दिवाळखोरी, कोर्टाचे कर्जवसुलीचे निकाल अशी उघड नोंद फक्त बघतात. हिचा आणि काळ्या पैशाचा संबंध नाही, पण दोन्ही अलर्ट एकाच पडद्यावर येतात आणि नवे लोक गोंधळतात.

या रेघा किमान आहेत. रेघेपर्यंत डोळे मिटून बसायचं असं त्यांचा अर्थ लावणाऱ्या कंपन्यांचं काय झालं ते जाहीर आहे. मार्च २०२३ मध्ये विल्यम हिल समूहाला १ कोटी ९२ लाख पौंड भरावे लागले. कमिशननं मांडलेल्या उदाहरणांत एका नव्या ग्राहकानं वीस मिनिटांत २३,००० पौंड घालवले होते आणि कुणी एक शब्द विचारला नव्हता. दुसऱ्यानं महिन्यात ७०,१३४ पौंड हरले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये एन्टेन समूहाला १ कोटी ७० लाख भरावे लागले. त्यात चौदा महिन्यांत ७ लाख ४२ हजार पौंड भरणारा एक ग्राहक होता, आणि सरकारी सवलतीच्या घरात राहतो हे कंपनीला माहीत असूनही सहा महिन्यांत १ लाख ८६ हजार भरू दिलेला आणखी एक. या सगळ्यांची ओळख पटलेली असेलही. प्रश्न ओळखीचा नव्हताच.

एक केस घेऊन बसू. ग्राहक कल्पित आहे. वय २९, नोकरी गोदामात. तीन आठवड्यांत ९,००० पौंड भरले. तुम्ही उत्पन्नाचा पुरावा मागितला, त्यानं ऑगस्टची पगाराची पावती पाठवली: महिना २,३०० पौंड, हातात २,१५०.

कर वर्ष इथे ६ एप्रिलला सुरू होतं, म्हणून ऑगस्ट हा पाचवा महिना. पावतीवर वर्षातली आतापर्यंतची एकूण रक्कम असते. पगार स्थिर असेल तर ती ११,५०० च्या आसपास हवी. ६,९०० असेल तर तो जूनमध्ये लागला असेल, मग सुरू झाल्याची तारीख विचारा. दुसरं: १२५७एल हा नेहमीचा टॅक्स कोड असेल तर २,३०० वर कर आणि नॅशनल इन्शुरन्स मिळून साधारण ३५० जातात, हातात १,९५० च्या आसपास उरतात, पेन्शन कापली तर त्याहून कमी. २,१५० कुठून आले? एक तर कोड वेगळा आहे, नाहीतर पावती घरी बनवलेली आहे. तिसरं: बँक स्टेटमेंट मागा आणि तोच आकडा त्यात पगार म्हणून जमा झालाय का बघा. बॅक्सनं (बँकांमधून पगार जमा करायची इथली नेहमीची यंत्रणा) येणारा पगार रविवारी किंवा बँक हॉलिडेला जमा होत नाही; तसा दिसला तर स्टेटमेंट पुन्हा निरखून बघा. शिल्लक रकमेचा रकाना वरून खाली स्वतः मोजा. खोटं स्टेटमेंट करणारा व्यवहार बदलतो, पण पुढची प्रत्येक शिल्लक बदलायचा कंटाळा करतो.

समजा कागद खरे निघाले. तरी १,९५० मध्ये भाडं, खाणं, बस भागवून तीन आठवड्यांत ९,००० कुठून? ग्राहक म्हणतो, गाडी विकली. शक्य आहे. मग गाडीचे पैसे कुणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आले ते दाखव म्हणा. स्टेटमेंटवर ७,५०० ची एक जमा दिसली, तारीख जुळली, तर पटलं. त्याऐवजी वेगवेगळ्या पंधरा माणसांकडून दोनशे-तीनशे असे पैसे आलेले आणि दर वेळी तासाभरात बेटिंगच्या खात्याकडे गेलेले दिसले, तर गाडीची गोष्ट तिथेच संपली.

पैशाचा उगम आणि संपत्तीचा उगम हे वेगळे मागावे लागतात. पहिला म्हणजे या ९,००० चा माग. दुसरा म्हणजे माणसाकडे एकंदर जे आहे ते कसं आलं: वारसा, घरविक्री, धंदा. बड्या ग्राहकांसाठी दोन्ही लागतात. "मी बिझनेसमन आहे" हे उत्तर नव्हे. धंद्याचं नाव कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. संचालक कोण, ताळेबंद काय, सगळं तिथे आहे. आणि बड्या ग्राहकांना सांभाळणारा व्हीआयपी मॅनेजर टेबलापाशी येऊन "हा माणूस चांगला आहे, मी ओळखतो" म्हणाला तर हसून त्याला ते ईमेलवर लिहून पाठवायला सांगा.

उलट बाजूही आहे आणि ती ग्राहकाच्या हक्काची आहे. जी माहिती आधीच मागता आली असती ती जिंकलेले पैसे काढायच्या वेळी मागून अडवून धरायचे नाहीत, हाही २०१९ च्याच नियमांचा भाग आहे. हरेपर्यंत गप्प आणि जिंकल्यावर पासपोर्ट, हा प्रकार ग्राहकांना बरोबर कळतो.

सहावी पायरी: शंका आल्यावर

शंका आली म्हणजे पुरावा सापडला असं नाही, आणि पुरावा शोधणं तुमचं कामही नाही. तुम्ही आतला अहवाल भरायचा आणि तो कंपनीच्या नॉमिनेटेड ऑफिसरकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी ज्यांना एमएलआरओ म्हणतात त्यांच्याकडे, द्यायचा. नॅशनल क्राइम एजन्सीला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवायचा की नाही, हा निर्णय त्यांचा. टीम लीडर "राहू दे, एवढं काय" म्हणाला तरी अहवाल थेट पाठवायचा तुमचा मार्ग मोकळा असतो. कॅसिनोसारख्या नियमनाखालच्या धंद्यात शंका असून न कळवणं हा पोकाखाली व्यक्तीचा गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कंपनी तुमच्या वतीनं तुरुंगात जात नाही.

खात्यातले पैसे ग्राहक काढू पाहत असेल तर एमएलआरओ एजन्सीकडे संमती मागतात. सात कामाचे दिवस वाट बघायची. उत्तर आलं नाही तर संमती धरली जाते, नकार आला तर पुढे ३१ दिवस व्यवहार थांबतो आणि न्यायालय ती मुदत वाढवू शकतं.

आणि या काळात ग्राहक चॅटवर ओरडत असतो: "माझे पैसे कुठे आहेत?" त्याला अहवालाची चाहूल लागू देणं हा वेगळा गुन्हा आहे, नियमनाखालच्या धंद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा. खोटंही बोलायचं नाही. "तुमच्या खात्याची तपासणी पूर्ण व्हायची आहे, झाली की कळवतो" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. "कायदेशीर अडचण आहे", "पोलिसांकडून उत्तर यायचंय", "तुमच्यावर रिपोर्ट नाही हो, काळजी करू नका" यातलं काहीही नको. तिसरं वाक्य सहानुभूतीपोटी सर्वांत आधी तोंडात येतं, म्हणून वेगळं लिहिलं. चॅटवर बसणाऱ्या सहकाऱ्याला खरं कारण माहीत नसलेलंच बरं.

लिहून ठेवणं

कमिशनचा माणूस दोन वर्षांनी फाइल उघडतो तेव्हा तुम्ही कदाचित दुसऱ्या कंपनीत असाल. त्याच्यापुढे फक्त तुमची टिपण असते. "कागद पाहिले, ठीक" ही टिपण नव्हे. "ऑगस्टची पावती पाहिली, हातात १,९४८, बँक स्टेटमेंटवर २९ तारखेला तीच रक्कम जमा. १२ तारखेला गाडीविक्रीचे ७,५०० जमा, विकत घेणाऱ्याशी झालेला ईमेल जोडला. ९,००० चा भरणा पटतो. महिन्याला पुन्हा १,००० च्या वर गेला तर नव्याने बघावं" ही टिपण. ग्राहकाशी संबंध संपल्यावर पाच वर्षं या नोंदी जपायच्या असतात.

डेटा संरक्षण कायद्याखाली ग्राहक स्वतःबद्दलची माहिती मागू शकतो आणि कंपनीला साधारणपणे महिन्याभरात द्यावी लागते. त्यामुळे "हा येडा वाटतो" असले शेरे लिहू नका. तो एक दिवस वाचेल. संशयाच्या अहवालाचा उल्लेख तर ग्राहकाच्या सर्वसाधारण नोंदीत अजिबात नको, तो एमएलआरओंच्या वेगळ्या कप्प्यातच राहतो.

परत जायचं झालं तर

भारतात हे काम याच रूपात मिळेल, अशी आशा ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्यासाठी बँकांनी व्यवहार करण्यावर बंदी आणली. गोव्यातले कॅसिनो मात्र २००२ च्या पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. ग्राहकाची ओळख ठेवणं आणि दिल्लीच्या एफआययूला, म्हणजे संशयास्पद व्यवहारांची माहिती घेणाऱ्या सरकारी विभागाला, कळवणं त्यांना लागतं. मांडवीतल्या बोटींवर रोख रकमेचा प्रश्न मोठा, ऑनलाइनमध्ये तो जवळजवळ नाही. पण पैसा माणसाला साजेसा आहे का हे बघायची नजर तिथेही तीच लागते. मुंबई-पुण्यातल्या बँका आणि त्यांची बॅक ऑफिसं हा जास्त सरळ रस्ता. तिकडे जायचं मनात असेल तर आयसीए किंवा अकॅम्स या संस्थांचं मनी लाँडरिंगविरोधी कामाचं प्रमाणपत्र इथे असतानाच करा, बऱ्याच कंपन्या फी भरतात. भरणार का, हे नोकरीचं पत्र सही करण्याआधी विचारा.

रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी चार गोष्टी मागून घ्या: नॉमिनेटेड ऑफिसरचं नाव, त्या सुट्टीवर असताना कुणाकडे जायचं त्याचं नाव, आतल्या अहवालाचा फॉर्म कुठे आहे, आणि कंपनीच्या स्वतःच्या रेघा किती पौंडांवर आखल्या आहेत त्याचा ताजा कागद. शेवटचा मागितल्यावर कुणी "तो अजून अपडेट व्हायचाय" म्हणालं, तर हे उत्तर कुणी आणि कधी दिलं तेही वहीत टिपून ठेवा.